चौचाकीवरची वाढीव गादी

जावई उर्मट निघाला तर बाईला चार घरी जाऊन त्याच्या नावाने बोटं मोडता येतात. जावई आळशी निघाला तर नातेवाईक सल्ले घेऊन दारात उभे राहतात. पण जावई काळजी घेणारा निघाला तर बाईने जायचं कुठे आणि सांगायचं कुणाला? गादीवाल्या काकूंचं नेमकं हेच झालं होतं. तोंड उघडायची सोय नव्हती. एकदा समोरच्या शिवणवालीपाशी जरा मन मोकळं करायला गेल्या, तर ती म्हणाली, "काय बाई नशीब काढलंत! माझा जावई मला पाणी विचारत नाही, आणि तुमचा कोपराला धरून जिना उतरवतो." झालं. आता त्या कोपरालाच आग लागली आहे हे हिला काय सांगायचं?

जावई एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता. तिथे त्याचं कोणी ऐकत नसावं, असा काकूंचा कयास. कारण तिथली सगळी सुरक्षा तो रविवारी सासुरवाडीला येऊन उरकायचा. दुकानाच्या पायऱ्यांच्या कडेला त्याने पिवळे-काळे पट्टे चिकटवले. चहाचं भांडं ओट्याच्या कडेपासून हातभर आत सरकवलं. काकू उठायच्या आधीच "आई, जपून" म्हणायचा. बाई अजून खुर्चीत, उठायचा विचार फक्त मनात, आणि ह्याचं "आई, जपून" तयार. काकू मग हट्टाने बसूनच राहायच्या.

कळस म्हणजे एका रविवारी त्याने काकूंच्या कापायच्या टेबलाच्या चारही कोपऱ्यांना स्पंजाचे तुकडे लावले. लागू नये म्हणून. उभा जन्म ज्या बाईने गाद्या, उशा आणि खुर्च्यांच्या बैठका भरण्यात घालवला, तिच्याच दुकानात, तिच्याच टेबलाला, बाजारातून विकत आणलेला स्पंज! काकूंनी तो दोन बोटांत दाबून पाहिला. दाबला तो दबलेलाच राहिला. त्या काही बोलल्या नाहीत. जावयाला तोंडावर बोलायचं नाही, हा त्यांचा नेम होता. जे काय बोलायचं ते लेकीकडे तोंड करून, जावयाला ऐकू जाईल अशा आवाजात.

"सांग तुझ्या नवऱ्याला, स्पंज छान आहे. भांडी घासायला होईल."

"आई म्हणते छान आहे," लेक म्हणाली. ती अर्धंच पोचवायची. संसार असेच चालतात.

तर अशा ह्या जावयाने सुट्टीत सगळ्यांना डोंगरातल्या तळ्यावर न्यायचं ठरवलं. त्याने फोनवर फोटो दाखवले. मधोमध तळं, भोवती डोंगर, आणि तळ्याच्या काठाकाठाने गेलेली वाट. अर्धी चालणाऱ्यांची, अर्धी सायकलींची. चढ नाही, दगड नाहीत, पोरंबाळं घेऊन जाता येईल अशी. पाण्यात डोंगर उलटा दिसत होता आणि उलट्या डोंगराखाली आणखी एक आभाळ होतं. काकूंनी फोन हातात घेतला तो बराच वेळ परत दिला नाही. पडदा काळा झाला तरी त्या बघतच होत्या.

"आपण सायकलीवरून गोल फिरून येऊ," जावई सांगत होता. "आई-बाबांना फाटकाजवळच्या विसाव्यात बसवू. छान सावली आहे, बाक आहेत. म्हणजे सामानही राहील त्यांच्यापाशी."

सामानही राहील!

काकूंच्या हातातली सुई जागच्या जागी थांबली. अहो, आयुष्यभर ह्या बाईने दुसरं केलं काय? लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला गेल्या तेव्हा काका नावेत बसून आले आणि काकू घाटावर बॅगेपाशी. शाळेच्या सहलीला पालक म्हणून गेल्या तेव्हा सगळे टेकडीवर आणि काकू पायथ्याला, दप्तरांच्या ढिगाशेजारी. ज्याला त्याला वाटायचं, ही बाई भरवशाची आहे, हिला बसवली की सामानाला धोका नाही. भरवसा हा फार वाईट प्रकार आहे. बेभरवशाच्या बायका जग बघून येतात.

सुई पुन्हा चालू झाली तेव्हा काकूंचं ठरलेलं होतं.

"सांग तुझ्या नवऱ्याला," त्या लेकीला म्हणाल्या, "मी तळ्याला पुरती चक्कर मारणार. एका काठाने जाणार, दुसऱ्या काठाने येणार. गेल्या वाटेने मला परत आणलं तर मी घरी येणार नाही. तिथेच राहीन आणि मासे धरीन."

लेकीने ह्यातलं अर्धंसुद्धा पोचवलं नाही. पण जावई खोलीतच होता.

"आई, सायकल येते का तुम्हाला?" त्याने अगदी हळुवार विचारलं. हळुवारपणाचा काकूंना सगळ्यात जास्त राग यायचा.

सायकल येत नव्हती. ही गोष्ट गल्लीत पसरायला संध्याकाळसुद्धा लागली नाही. मग सल्ले आले. शिवणवाली म्हणाली, सायकल एकदा शिकली की माणूस विसरत नाही, तेव्हा काळजी करू नका. पण मी शिकलेच नव्हते, असं सांगितल्यावर म्हणाली, मग तर विसरायचा प्रश्नच नाही. केस कापणारा म्हणाला, पोट आत ओढून पुढे बघायचं, खाली बघितलं की खाली जातो, ही जगाचीच रीत आहे. काका तेवढे काही म्हणाले नाहीत. ते शिलाई मशीनपाशी बसून उशीचा काठ शिवत राहिले. काकांचं बोलणं दिवसाला एखादंच वाक्य असायचं आणि त्या दिवशीचं वाक्य जेवताना खर्च झालं होतं.

त्या आठवड्यात दुकानात कामं बरीच होती, पण काकू दुकानात नव्हत्या. म्हणजे होत्या, पण नव्हत्या. दुपारी कापूस पिंजताना त्याचे धागे उन्हाच्या पट्ट्यात तरंगायचे आणि काकूंना ते धुकं वाटायचं. निळ्या रेक्झिनचा गुंडाळा टेबलावर उलगडला की टेबलाच्या कडेपर्यंत पाणी यायचं. त्यावर कात्री ठेवायला हात धजायचा नाही. एका गिऱ्हाईकाने विचारलं, "काकू, सोफ्याची बैठक कधी मिळेल?" तर काकू म्हणाल्या, "पलीकडच्या काठाला पोचले की." गिऱ्हाईक मागच्या मागे निघून गेलं.

निघायचा दिवस उजाडला. जावयाने सामान भरलं होतं आणि सुरक्षा अधिकाऱ्याने भरलेलं सामान काय असतं ते बघायला नशीब लागतं. प्रत्येकाचे कपड्यांचे जास्तीचे जोड, कारण पाणी आहे. टॉवेल, कारण कपडे भिजतील. रेनकोट, कारण आभाळाचा भरवसा नाही. बाकावर घालायला दोन जाड चादरी, कारण बाक गार असतात. पाव, उकडलेली अंडी, पिकलेली केळी. काकूंनी स्वतःचं असं काही घेतलं नाही. त्यांच्या पर्समध्ये वाकडी सुई, मेण लावलेला दोरा आणि छोटी कात्री नेहमीच असायची. बाकीच्या बायका कंगवा ठेवतात तशी.

तळ्यावर पोचले तेव्हा धुकं अजून उठलं नव्हतं. पाणी दिसत नव्हतं, पण आहे हे कळत होतं. झोपलेलं माणूस शेजारच्या खोलीत असावं तसं. एक बदक धुक्यातून आलं, सगळ्यांकडे बघितलं आणि पसंत न पडल्यासारखं परत आत गेलं. नात बापाचा हात सोडून काठाकडे पळाली. जावई "जपून, जपून" करत तिच्यामागे पळाला. काकू उभ्या राहिल्या. गार वारा कानाच्या पाळीला लागला आणि त्यांना वाटलं, आपण अजून घरीच असू आणि हे सगळं दुपारच्या डुलकीत चाललं असेल. असलं तरी चालेल. फक्त कुणी उठवू नये.

खिडकीवरच्या बाईने उठवलं. "हात पुढे करा, आजी."

तिकिटाच्या खिडकीत मनगटाला कापडी पट्टी बांधायची पद्धत होती. गोल फेरीवाल्यांना निळी, अर्ध्या वाटेने परत येणाऱ्यांना हिरवी. काकूंच्या मनगटाला बाईने पांढरी बांधली. पांढऱ्यावर लिहिलं होतं, विसावा.

"ही कसली?"

"बसायची."

"बसायला पट्टी लागते?"

"तुमच्या जावयांनी आधीच सांगून ठेवलंय. आता बदलायची तर सोबतच्या जबाबदार व्यक्तीने सांगितलं पाहिजे."

"जबाबदार व्यक्ती मीच," काकू म्हणाल्या. "ही सगळी मंडळी माझ्यामुळेच जगात आली आहेत. जावई सोडून."

"मग जावयांना घेऊन या," बाई म्हणाली आणि खिडकीचं दार अर्धं ओढून घेतलं.

ह्यावर मार्ग सायकलवाल्याने काढला. तो सायकली पुसत सगळं ऐकत होता. म्हणाला, "आजी, चौचाकी घ्या. चौचाकीला माणसांच्या पट्ट्या बघत नाहीत. पट्टी चौचाकीलाच बांधतात, हँडलला." आणि त्याने ताडपत्री ओढली.

ती चौचाकी म्हणजे सायकल आणि बग्गी ह्यांचं लग्न लावून झालेलं पोर होतं. चार चाकं, वर झालर लावलेलं छप्पर, पुढे एक बाक, मागे एक बाक, आणि चौघांच्याही पायाशी पेडल. पुढे टोपलीसारखी छोटी बैठक, लहान मुलासाठी. पडायचा प्रश्न नाही, तोल सांभाळायचा प्रश्न नाही. काकूंना ती बघताक्षणी आवडली. अशा गाडीतून आपण आधी कुठेतरी जाऊन आलो आहोत असं त्यांना उगाचच वाटलं.

जावयाने चौचाकीभोवती फेरी मारली. ब्रेक दाबून पाहिले. चाकं हलवून पाहिली. सगळं ठीक निघालं तेव्हा त्याचा चेहरा पडला. मग त्याला सायकलवाल्याच्या डोक्यावरची पाटी दिसली आणि तो खुलला.

"ज्येष्ठांना आरामदायी आसन असल्यासच प्रवेश," त्याने मोठ्याने वाचलं आणि बाकावर टिचकी मारली. कडक फायबर. टण् असा आवाज आला. "बघा, आई. माझी फार इच्छा होती. पण ह्या बाकावर तुमच्या कंबरेला हादरे बसतील. गादी असती तर मी एका शब्दाने अडवलं नसतं."

गादी असती तर! आणि हे कुणाला म्हणाला? लेकीने डोळे मिटून घेतले. काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. त्यांना पुढचं सगळं आधीच दिसलं होतं.

"सांग तुझ्या नवऱ्याला," काकू म्हणाल्या, "चौचाकीची पट्टी निळी आण म्हणावं. तोपर्यंत मी विसाव्यात बसते."

जावई खूश होऊन खिडकीच्या रांगेत गेला. आई शेवटी समजून घेतात, असं त्याला वाटलं असणार. सुशिक्षित माणसाला बाई शांत झाली की ती समजली असं वाटतं.

विसाव्यात काकूंनी सगळ्या बॅगा बाकावर पालथ्या केल्या. दोन जाड चादरी अंथरल्या. आत कपडे, टॉवेल, रेनकोट, सगळं. लेक म्हणाली, "आई, एकच पुरे ना, तुझ्यापुरती." काकू म्हणाल्या, "एकाला गादी आणि एकाला फळी, असला दुजाभाव आपल्या दुकानात नाही." काकांनी मुकाट्याने एक कड धरली, नात एकेक वस्तू आजीच्या हातात देत गेली आणि वाकडी सुई पाण्यातल्या मासोळीसारखी वर-खाली पळायला लागली. काकूंची नजर हातांवर नव्हती. धुकं आता फाटत चाललं होतं आणि फाटीतून पलीकडचा काठ दिसत होता. एक पिवळट गवताचा तुकडा, त्यावर ऊन. तिथे कुणीच नव्हतं. तिथे जाऊन फक्त उभं राहायचं, असं काकूंच्या मनात येत होतं आणि हात आपले भरत होते. कोपरे रिकामे राहिले की गादी नापास, हे हातांना माहीत होतं. नात जे देईल ते कोपऱ्यात जात होतं.

गाद्या तयार झाल्या तेव्हा काकांनी एकीवर पंजा ठेवून दाबून पाहिलं आणि आजचं वाक्य खर्च केलं.

"वाढीव झाली."

"बसेल," काकू म्हणाल्या.

आता हे नीट समजून घ्या, कारण पुढची फजिती सगळी ह्यात आहे. गादीवाला गादी नेहमी वाढीव भरतो. हव्या त्या उंचीपेक्षा चार बोटं जास्त. कारण गादी वापराने बसते, आणि महिन्या-दोन महिन्यांत बरोबर मापावर येते. नवीन गादीवर चढून बसावं लागलं नाही तर ती गादी शिवणाऱ्याने फसवलं समजावं. काकूंनी आयुष्यात दुसऱ्या कुठल्या मापाने गादी भरलीच नव्हती. फक्त ह्या वेळी महिना-दोन महिने नव्हते. एक सकाळ होती.

खिडकीवरची बाई स्वतः आसन तपासायला आली. नियम म्हणजे नियम. मागच्या बाकावर चढून बसली, "हं" म्हणाली, मग डोळे मिटले. रांगेतली माणसं तिची वाट बघत होती आणि ती तळ्याकडे तोंड करून, हात मांडीवर ठेवून बसली होती. बऱ्याच वेळाने उतरली, तेव्हा तिचा आवाज बदललेला होता. "आरामदायी आहे," ती म्हणाली. आणि जाता जाता एकदा वळून बघितलं.

जावई शब्दाचा पक्का. निळी पट्टी त्याने मुकाट्याने हँडलला बांधली. सगळ्यांच्या डोक्यांवर हेल्मेट चढवली. काकूंच्या अंबाड्यावर ते बसेना, तेव्हा डब्यावर झाकण ठेवावं तसं वरच्या वर ठेवलं आणि पट्टा आवळला. काकूंनी मान स्थिर धरली. चक्कर मिळत असेल तर झाकणही चालेल.

आणि मग सगळे बसले आणि कुणाचेच पाय पोचेनात.

लेकीचे पाय हवेत. काकांचे हवेत. काकूंचे तर वीतभर वर. फक्त जावयाचे लांब पाय, तेही अंगठ्याच्या टोकाने, पेडलला लागत होते. पण मागे रांग, पुढे उतार, आणि सायकलवाल्याने "चला!" म्हणून ढकललं. चौचाकी निघाली. चार माणसांची गाडी एकटा जावई अंगठ्यांनी चालवत होता आणि बाकीचं कुटुंब सिंहासनावर बसल्यासारखं उंच बसून तळं बघत होतं.

"आई, जपून!" जावई धापा टाकत म्हणाला. पण त्याला वळून बघता येत नव्हतं, म्हणून ते वाऱ्यावरच गेलं.

काय सांगावी ती वाट! एका बाजूला झाडं, एका बाजूला पाणी. झाडांची सावली वाटेवरून निघून पाण्यात उतरत होती आणि तिथे हलत होती. लाकडी पुलावरून गेलं की फळ्या खालून गुणगुणायच्या. सायकलीवरची पोरं टिंगटिंग करत पुढे जायची, तळ्याच्या मधोमध एक नाव स्वतःशीच उभी होती. गादी मऊ, ऊन कोवळं, आणि पाय हवेत. पाय हवेत लोंबकळत असले की माणसाचं वय कळत नाही. काकूंनी हळूच एक पाय हलवला. मग दुसरा. मग दोन्ही. त्यांना वाटलं, आपण कुठल्याशा भिंतीवर बसलो आहोत आणि घरी कुणी हाक मारत नाहीये. काका शेजारी झोपून गेले. झोपेत त्यांनी काकूंच्या खांद्यावर मान टाकली. घरी असते तर काकूंनी ती सरळ केली असती. इथे असू दिली. असं चालता चालता अर्धं तळं मागे पडलं आणि तो उन्हातला पिवळट गवताचा तुकडा जवळ यायला लागला. गवतात फुलंही होती. लांबून दिसली नव्हती.

एवढ्यात पिकलेल्या केळ्यांचा वास आला.

"आई," लेकीने विचारलं, "केळी कुठे ठेवलीस?"

"कोपऱ्यात," काकू स्वप्नातच म्हणाल्या.

लेकीने पुढच्या बाकावरून मागे हात घालून आईच्या गादीचा कोपरा चाचपला आणि ती ओरडली. त्या ओरडण्याने जावई दचकला. दचकून वळला. वळताना अंगठे सुटले. तिथेच नेमका वाटेला पाण्याकडे जाणारा उतार होता, आणि चौचाकी आपल्या मनाने निघाली. वेगाने नाही हं, चांगली ऐटीत, वरातीसारखी. जावई एकदम सूचना द्यायला लागला. "घाबरू नका! जागा सोडू नका! हात आत घ्या!" सगळे बसूनच होते. घाबरलेलं कुणीच नव्हतं. ह्या गोंधळात ब्रेक नावाची वस्तू त्याच्याच हाताशी आहे हे तो विसरला आणि गाडी थांबवायला त्याने एक पाय बाहेर टाकला. पाय लागला चिखलाला. चौचाकी काठच्या लव्हाळ्यात अलगद शिरून थांबली आणि जावई तिच्याशेजारून तळ्यात गेला. कमरेपर्यंतच. पण गेला तो बसल्या स्थितीत, त्यामुळे गळ्यापर्यंत.

कुणी हसलं नाही. नातीने आलेलं हसू दोन्ही हातांनी दाबून धरलं. जावई उठला. कानावर शेवाळ, हातात चप्पल. पहिला प्रश्न केला तो असा: "आई, तुम्हाला लागलं नाही ना?"

काकू इतक्या उंच आणि इतक्या कोरड्या होत्या की त्यांना उत्तर द्यायचीच लाज वाटली.

वाटेच्या कडेला मदतकेंद्राची पाटी होती. फोन करा, जीप येईल, आणि फाटकापर्यंत परत सोडेल. आल्या वाटेने. जावयाने ती वाचली आणि खिसे चाचपले. मग त्याला आठवलं. वाहन चालवताना फोन जवळ ठेवायचा नाही, हा त्याचाच नियम. त्याने सगळ्यांचे फोन पाणी न शिरणाऱ्या एका पाकिटात घालून बॅगेत ठेवले होते.

"पाकीट?" त्याने विचारलं.

"मी आजीला दिलं," नात म्हणाली. "एक कोपरा रिकामा होता."

सगळ्यांनी मागच्या गादीकडे पाहिलं. काका तिच्यावर अजून झोपलेले होते.

"आई," जावई म्हणाला, "तेवढी एक शिवण उसवता का? तुमची दमणूक झाली असेल. गाडी बोलावून घेऊ."

काकू चक्क खाली उतरून उभ्या राहिल्या, त्याच त्या पिवळट गवतात, आणि वाट पुढे कुठे जाते ते बघायला लागल्या. वाट एका झाडाला वळसा घालून दिसेनाशी झाली होती. त्या वळणापलीकडे काय आहे ते इथून कळत नव्हतं.

"सांग तुझ्या नवऱ्याला," त्या म्हणाल्या, "शिवलेली गादी मी उसवत नसते."

लेकीला काही सांगायची वेळ आली नाही. डोंगरावरून गार वारा आला आणि जावई शिंकला. एकदा, दोनदा, मग धडाधड. शिंका दाबायला त्याने तोंड फिरवलं. दात वाजू नयेत म्हणून जबडा आवळून धरला. पण ओला सदरा पाठीला चिकटला होता आणि पाठ थरथरत होती. पाठीला काही लपवता येत नाही. त्याच्या कोरड्या कपड्यांचा जोड कुठे होता ते काकूंनाच ठाऊक होतं. मागच्याच गादीत, पाकिटाच्या शेजारी.

काकूंनी वळणाकडे एकदा बघितलं. मग पर्स उघडली आणि कात्री काढली.

"अहो, उठा. तुमच्याखाली जावई आहेत."

टाके बारीक होते, एकेक कापावा लागला. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं, पण प्रत्येक टाक्याला काकूंच्या भुवया जरा वर जात होत्या. आधी सदरा निघाला, मग पँट, मग टॉवेल, मग चपटी झालेली केळी, आणि शेवटी पाकीट. त्यांनी सगळं नातीकडे दिलं. पाकीटसुद्धा. दडवता आलं असतं. पण असल्या चोऱ्या करायच्या तर मग मान ताठ ठेवायला काय अर्थ?

जावई झाडामागे कपडे बदलायला गेला. काकू पाण्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. जीप येईपर्यंत जेवढं बघता येईल तेवढं बघून घ्यायचं. तळं आता पुरतं उघडलं होतं. पलीकडे, अगदी लांब, ते फाटक दिसत होतं, तो विसावा, ते बाक. कुणीतरी बाई एका बाकावर बसली होती, शेजारी पिशव्या. काकूंना वाटलं, ती आपणच. आपण तिथे बसलो आहोत आणि इथे उन्हात उभी असलेली ही कोण बाई आहे ते डोळे बारीक करून बघतो आहोत. त्यांनी हात वर केला. त्या बाईने हात केला की नाही, लांबून दिसलं नाही.

मागे पावलं वाजली. जावई कोरडा होऊन आला होता. हातात फोन. पाटीकडे बघून त्याने आकडे दाबलेले काकूंना ऐकू आले. मग काहीच ऐकू येईना.

"अहो, लागत नाही का?" लेकीने विचारलं. "रेंज नसेल इथे."

"आहे रेंज," जावई म्हणाला. "पूर्ण आहे."

तो काकूंच्या पाठीकडे बघत होता. पाठीला काही लपवता येत नाही हे सासूलाही लागू आहे. मग त्याने फोन खिशात टाकला, पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडले आणि चौचाकीला मागून हात लावला. "बाबा, तुम्ही त्या बाजूने. एक, दोन..." आणि गाडी लव्हाळ्यातून वाटेवर आली.

मागची गादी आता अर्धी झाली होती. सदरा गेला, पँट गेली, केळी तर सगळ्यांनी उभ्या उभ्याच संपवली. काकू बसल्या, पाय खाली सोडले, आणि पायाखाली पेडल आलं. त्यांनी ते दाबलं. एवढी मोठी गाडी, इतकी माणसं, वरचं छप्पर, झालर, आणि पाय दाबला की सगळं पुढे! त्यांनी पुन्हा दाबून पाहिलं. पुन्हा पुढे. जगात इतकी वर्षं ही सोय होती आणि कुणी सांगितलं नव्हतं. वळण आलं. वळणापलीकडे आणखी तळं होतं, आणि आणखी वाट, आणि पाण्यात उतरलेला डोंगर, ज्याच्या शिखरावरून एक बदक पोहत चाललं होतं. पुढच्या बाकावरून सबंध वाटभर एकदाही "जपून" आलं नाही. दोन-तीनदा जावयाची मान वळायला निघाली आणि अर्ध्यात परत गेली. तेवढ्याने त्याला सायकल चालवण्याहून जास्त घाम फुटला असावा.

फाटक दुसऱ्या बाजूने आलं. खिडकीवरची बाई बाहेर येऊन उभी राहिली. सायकलवाल्याने पायाने चाकाला अडणी लावली. जावई टुणकन उतरून मागच्या बाकापाशी आला आणि सवयीने त्याचा हात काकूंच्या कोपराकडे गेला. मध्येच थांबला. त्याने तो हात खिशात घातला. मग दुसराही घातला. दोन्ही खिशांत मुठी वळलेल्या दिसत होत्या. काकूंनी छपराचा दांडा धरला, एक पाय खाली सोडला, जमीन शोधली, सापडली, मग दुसरा. तेवढ्यात जावयाचा चेहरा पांढरा पडून परत रंगावर आला.

काकूंनी हेल्मेटचा पट्टा सोडला, अंबाडा सारखा केला. लेक पुढे आली. तिला वाटलं, आता आपल्याला निरोप मिळणार.

"तू गप," काकू लेकीला म्हणाल्या, आणि थेट जावयाकडे वळल्या. "जावईबापू, ऐका. लग्न झाल्यापासून तुम्ही माझ्यासाठी काही ना काही करतच आलात. आज पहिल्यांदा काही केलं नाहीत. तेवढं मात्र फार छान केलंत."